खेळ कोणाशी मांडला आहे?

(मंडळाच्या वर्धापनदिनी एका सभासद भगिनीने केलेले भाषण)



वर्धापनदिनाला दर वर्षी एका सभासदाने चार शब्द बोलावेत, असा आपल्या मंडळाचा प्रघात आहे. यंदा चिटणीसबाईंनी माझे नाव घातले. मी म्हटले, "अहो, माझे शिक्षण सातवीपर्यंत. लोणची-मसाल्यावर सांगा, बोलेन." त्या म्हणाल्या, "लोणच्यावर सगळ्याच बोलतात. उन्हाळ्यात तुमच्या घरी जे झाले ते सांगा." ते सांगायचे तर थोडी लाज बाजूला ठेवावी लागेल. पण आपल्यापैकी पुष्कळ जणींच्या घरी पंधरा-सोळा वर्षांची मुले आहेत, म्हणून सांगते.

माझा धाकटा पंधरा वर्षांचा. सुट्टीत दिवसभर मोबाइलवर खेळे. कानात ती बोंडे घातलेली, आणि कोणाशी तरी बोलत असायचा. मी विचारले, तर म्हणे, "आमची टीम आहे." मला वाटले, शाळेतलेच मित्र असतील. घरात आहे, उन्हात भटकत नाही, मग बरेच आहे की! अशी मी माझी समजूत घातली.

मे महिन्यात एक दिवस मी त्याला म्हटले, "कोपऱ्यावरच्या चाचांकडे माझे दोन ब्लाउज शिवून झालेत, तेवढे आण." तो म्हणाला, "मी जाणार नाही. त्या लोकांकडे कपडे कशाला टाकतेस?" भगिनींनो, याच चाचांनी त्याचा बालवाडीचा गणवेश शिवला होता. हा दुकानात रडायला लागला, तेव्हा रिकामी रिळे हातात देऊन त्यांनी त्याला गप्प केले होते. मी त्याच्याकडे पाहतच राहिले. मग रागाने मोबाइल हिसकावला आणि कपाटात कुलूप लावून ठेवला.

ती माझी पहिली चूक. दोन दिवस तो जेवला नाही, तिसऱ्या दिवसापासून मित्राच्या मोबाइलवर खेळू लागला. पूर्वी निदान माझ्या डोळ्यांसमोर होता, आता तेही गेले.

माझी भाची संगणकाचे शिकते. तिला मी हे सांगितले. ती म्हणाली, "मावशी, मोबाइल परत दे आणि त्याला म्हण, मला शिकव." आणि तिने मला आणखीही पुष्कळ समजावून सांगितले. त्यातले मला जेवढे कळले, तेवढे आज आपल्यापुढे मांडते.

खेळातून मुलांना शिकवावे ही कल्पना काही नवी नाही. आपण सापशिडी खेळतो ना, तिचे जुने रूप मोक्षपट. तो ज्ञानेश्वरमहाराजांनी रचला असे परंपरा सांगते. पुण्यातले अभ्यासक वा. ल. मंजूळ यांनी या जुन्या पटांचा पुष्कळ शोध घेतला. त्या पटावर साप म्हणजे दुर्गुण आणि शिड्या म्हणजे सद्गुण. कवड्या टाकायच्या, दुर्गुणाच्या घरात पडले की खाली घसरायचे. पुढे इंग्रजांनी हा खेळ तिकडे नेला. आज बाजारात मिळणाऱ्या पटावर नुसते साप आणि नुसत्या शिड्या राहिल्या आहेत. कोणता साप कशाचा, हे कोणालाच ठाऊक नाही.

आता मोबाइलवरच्या खेळांकडे येते. हे खेळ मुळात वाईट नाहीत, हे आधी सांगते. कोट्यवधी मुले खेळतात आणि काही होत नाही. पण जिथे मुले जमतात, तिथे मुलांना हेरणारेही येतात. सिंगापूरचे उदाहरण घ्या. २०२३ साली तिथल्या सरकारने जाहीर केले, की रोब्लॉक्स नावाच्या लहान मुलांच्या खेळात इसिस या अतिरेकी संघटनेच्या नावाने डाव मांडलेले होते, आणि एक सोळा वर्षांचा मुलगा त्यांत जात होता. खेळातल्या म्होरक्यापुढे त्याने निष्ठेची शपथ घेतली आणि स्वतःला खरोखरच त्या संघटनेचा समजू लागला.

हे पाहून निरनिराळ्या सरकारांनी ठरवले, की काट्याने काटा काढावा. आपणही खेळच काढावा आणि त्यातून मुलांना सावध करावे. अमेरिकेत एफबीआय म्हणून मोठे तपास खाते आहे. त्यांनी २०१६ च्या फेब्रुवारीत शाळकरी मुलांसाठी असा एक खेळ संगणकावर आणला. त्याचे नाव 'कळसूत्री बाहुली होऊ नका' अशा अर्थाचे होते. मुलाने प्रश्न सोडवले, की कात्रीने बाहुलीची एकेक दोरी कापली जाते, आणि शेवटी बाहुली मोकळी होते. कल्पना चांगली, नाही का? पण तो खेळ यायच्या आधीपासूनच तिथल्या मुसलमान आणि अरब लोकांच्या संस्थांनी हरकत घेतली, आणि पुढे शिक्षकांच्या संघटनेनेही. त्यांचे म्हणणे असे, की यातून मुले आपल्याच वर्गातल्या मुसलमान मुलाकडे संशयाने पाहू लागतील. चाचांच्या दुकानाशी माझ्या मुलाचे जे झाले, तेच उलट्या वाटेने व्हायचे.

इंग्लंडातली गोष्ट तर याहून विचित्र आहे. हल नावाच्या शहरासाठी सरकारी पैशातून 'पाथवेज' नावाचा खेळ तयार केला. त्यात चार्ली नावाचे एक कॉलेजातले मूल आहे. कोणी चित्रफीत पाठवली तर पाहायची का, कोणी मोर्चाला बोलावले तर जायचे का, असे प्रश्न येतात आणि आपण उत्तर निवडायचे. त्यात चार्लीला परदेशी लोकांविरुद्धच्या चळवळीत ओढणारी अमेलिया नावाची जांभळ्या केसांची मुलगी दाखवली आहे. हेतू हा, की मुलांनी अशा मैत्रिणीपासून सावध राहावे. झाले काय? २०२६ च्या जानेवारीत त्याच विचारांच्या लोकांनी अमेलियाला उचलून धरले. तिची शेकडो चित्रे केली आणि तीच त्यांची लाडकी नायिका झाली! सरकारने बागुलबुवा म्हणून उभी केलेली बाहुली पोरांनी देव्हाऱ्यात बसवली. उपदेश करणारा खेळ मुलांना चटकन ओळखू येतो. बरोबर उत्तर कोणते अपेक्षित आहे हे त्यांना कळते. ते उत्तर देतात, गुण मिळवतात आणि मनातून हसतात. आपणही शाळेत मूल्यशिक्षणाच्या तासाला दुसरे काय करत होतो?

केंब्रिज विद्यापीठातल्या काही संशोधकांनी मात्र वेगळा मार्ग धरला. त्यांची उपमा आपल्याला चांगली समजेल. लस टोचताना रोगाचाच दुबळा अंश शरीरात घालतात, म्हणजे शरीर रोग ओळखायला शिकते. तसे फसवण्याच्या युक्त्या मुलांना थोड्या, निरुपद्रवी रूपात आधीच दाखवाव्यात. याच विचाराने केलेला 'हार्मनी स्क्वेअर' हा खेळ अमेरिकन सरकारच्या मदतीने २०२० च्या नोव्हेंबरात आला. त्यात खेळणाराच एका सुखी गावात खोट्या बातम्यांनी भांडणे लावणारा होतो. म्हणजे कळ कशी लावतात ते हाताने करून पाहायचे.

याच मंडळींचा दुसरा एक खेळ आहे, त्यात खेळणारा अतिरेकी टोळीसाठी मुले जमवणारा होतो. टोळी अर्थात काल्पनिक. त्याला चार पायऱ्या चढाव्या लागतात. पहिली, एकटे पडलेले मूल हेरणे. दुसरी, त्याचा विश्वास मिळवणे. तिसरी, त्याला घरापासून आणि मित्रांपासून तोडणे. चौथी, त्याला कृत्य करायला लावणे. हा खेळ खेळलेल्या लोकांना फसवे संदेश अधिक चांगले ओळखता आले, असे त्यांच्या प्रयोगात दिसले. त्या चार पायऱ्या भाचीने मला कागदावर लिहून दिल्या, आणि माझ्या पोटात गोळा आला. त्यातल्या दोन माझ्या घरात चढून झाल्या होत्या आणि तिसरीवर पाय पडला होता. तिसरीला हातभार मीच लावला होता, मोबाइल कुलपात घालून.

पण हेही सांगते, की लस सगळीकडे लागली नाही. खोटे संदेश ओळखायला शिकवणारा असाच एक खेळ हिंदीत करून उत्तर भारतात लोकांना खेळायला दिला. २०२३ साली त्याचा निकाल छापून आला. खेळलेल्यांत आणि न खेळलेल्यांत फरक दिसला नाही. मला याचे फार नवल वाटले नाही. आपल्याकडे फोनवर आलेला निरोप कोणी अनोळखी माणूस पाठवत नाही. तो मामांकडून येतो, भिशीच्या ग्रुपवरून येतो, देवळातल्या मंडळींकडून येतो. निरोप खोटा म्हणायचा तर मामांना खोटे म्हणावे लागते. ते कोणता खेळ शिकवणार?

आता कोणी म्हणेल, परदेशातल्या गोष्टी आपल्या पुण्याला कशाला? भगिनींनो, आपले पुणे या बाबतीत भाग्यवान नाही. १३ फेब्रुवारी २०१० रोजी कोरेगाव पार्कात जर्मन बेकरीत स्फोट झाला आणि सतरा माणसे गेली. २० ऑगस्ट २०१३ च्या सकाळी डॉ. नरेंद्र दाभोलकर महर्षी विठ्ठल रामजी शिंदे पुलावरून फिरायला निघाले असताना त्यांना गोळ्या घालून मारले. त्यातल्या दोघा तरुणांना १० मे २०२४ रोजी पुण्याच्या न्यायालयाने जन्मठेप दिली. त्यांनाही आया असतीलच. आणि २ जून २०१४ च्या रात्री हडपसरला काय झाले? फेसबुकवर कोणीतरी महापुरुषांची विटंबना करणारी चित्रे टाकली, आणि जमावाने नमाजाहून परतणाऱ्या एका तरुणाला मरेपर्यंत मारले. त्याचा त्या चित्रांशी काडीचाही संबंध नव्हता. नोकरीसाठी तो आपल्या गावी आला होता. २०२३ साली न्यायालयाने सगळ्या आरोपींना पुराव्याअभावी सोडले. त्यामुळे त्याला कोणी मारले हे कायद्याने कळले नाही. पण तो आपल्या शहरात मेला एवढे आपल्याला ठाऊक आहे. या तिन्ही गोष्टींत धर्म वेगळे, पक्ष वेगळे. तरुण मुलांच्या मनात कोणीतरी आधी विष कालवते, एवढे मात्र सारखे.

याच पुण्यात एक चांगली गोष्टही घडली, ती फारशी कोणाला आठवत नाही. २०१५ च्या डिसेंबरात दहशतवादविरोधी पथकाला समजले, की सोळा-सतरा वर्षांची एक पुण्याची शिकणारी मुलगी इसिसच्या लोकांशी इंटरनेटवरून बोलते आहे आणि सीरियाला जायची स्वप्ने पाहते आहे. पथकाने तिला तुरुंगात टाकले नाही. घरच्यांना विश्वासात घेतले, मौलवींना बोलावले, तिच्याशी पुनःपुन्हा बोलले आणि तिला माघारी आणले. पुढे २०१६ साली राज्य सरकारने अशा तरुणांना परत आणण्याची योजनाही जाहीर केली. त्या मुलीला कुठल्या खेळाने वाचवले नाही. तिच्याशी रोज बोलणारे लोक लांबचे होते, त्यांच्या जागी जवळचे लोक येऊन बसले, एवढेच झाले.

तिकडे गडचिरोलीत नक्षलवादी तरुण मुलांना जंगलात नेत. तिथले पोलीस गावोगावच्या मुलांसाठी कबड्डी आणि व्हॉलीबॉलच्या स्पर्धा भरवतात. बिरसा मुंडा, वीर बाबूराव शेडमाके अशी आदिवासी वीरांची नावे त्या स्पर्धांना दिली आहेत. नुसत्या कबड्डीने बंदुका खाली आल्या असे मी म्हणणार नाही. रस्ते, शाळा, शरणागतीची योजना, पोलिसांचे बलिदान असे त्यामागे पुष्कळ आहे. पण ज्या मुलाने पोलिसाबरोबर कबड्डी खेळली, त्याला पोलीस नुसता बंदुकीमागचा माणूस म्हणून दिसत नाही, एवढे तर खरे.

हे सगळे ऐकून मी मोबाइल मुलाला परत दिला आणि म्हटले, "मला शिकव." तो हसला. पहिले आठ दिवस मी मिनिटभरातच मरत असे. डावी-उजवीकडची बटणे कळत नसत, पोळ्या लाटणाऱ्या बोटांना ती चपळाई कुठली! तो पोट धरधरून हसे. पण मी रोज जेवणे आटोपली की अर्धा तास बसत असे. त्यांच्या खेळातला तो 'दादा' मी माझ्या कानांनी ऐकला. किती गोड बोलत होता! "जेवलास का? अभ्यास झाला का? घरी कोणी रागावले का?" हे प्रश्न मी माझ्या मुलाला कधी विचारले होते, ते मला आठवेना. जेवलास का, एवढे विचारत होते. बाकीचे नाही.

तिसऱ्या आठवड्यात मुलानेच विषय काढला. म्हणाला, "आई, दादाने वेगळ्या ग्रुपमध्ये घेतलंय. तिथे कोयत्याचे फोटो टाकतात. माझी शाळा कुठली, घर कुठे, विचारतात. आणि म्हणतात, घरी सांगू नकोस." तो घाबरला होता, पण सांगायला जागा नव्हती. त्या रात्री हे आणि मी त्याच्याबरोबर बसलो. कोणी रागावले नाही. त्याने तो ग्रुप सोडला. दुसऱ्या दिवशी यांनी त्याला बरोबर घेऊन पोलिसांना सगळे दाखवले.

एक गोष्ट मात्र मला अजून टोचते. मी त्याला विचारले, "चाचांबद्दल असे बोलायला तुला त्या दादाने शिकवले का?" तो म्हणाला, "दादाने शिकवलं, पण तुम्हीपण जेवताना बोलताच की." भगिनींनो, तो खोटे बोलला नाही. ताट वाढताना, बातम्या पाहताना, हळदीकुंकवाला जमलो असताना 'ते लोक असेच' असे आपण किती सहज बोलून जातो! आपल्या मनात त्याचे काही नसते, पण मुलाच्या मनात ते राहते. दादाने फक्त पाणी घातले, बी आमच्या घरातलेच होते. मोक्षपटावरचा हा साप कोणाचा, हे मला त्या दिवशी कळले.

धर्मराज द्यूताला बसला, तेव्हा समोर शकुनी आहे हे त्याला दिसत तरी होते. आपल्या मुलांना समोरचा दिसतसुद्धा नाही. म्हणून खेळ चांगला का वाईट, हे विचारण्याआधी तो कोणाशी मांडला आहे, हे आईने विचारावे. सरकार खेळ काढील, चांगले काढले तर त्यांचा उपयोगही होईल. पण त्या खेळाच्या पलीकडच्या बाजूला कोणीतरी बसावे लागते, आणि ती जागा आपण रिकामी ठेवली की दुसरा कोणी येऊन बसतो.

म्हणून मंडळापुढे माझ्या तीन विनंत्या आहेत. पहिली, दर शनिवारी दुपारी आपला हॉल मुलांसाठी उघडावा. दोन कॅरम आणि एक बुद्धिबळ वर्गणीतून घेता येईल. मोबाइल आणायलाही मनाई नको. उलट मुलांनी आपल्याला शिकवावे, आणि मुलांमध्ये गल्लीच्या दोन्ही टोकांची, सगळ्या घरांची मुले असावीत. दुसरी, मुलाने काही भलते सांगितले, तर त्या क्षणी ओरडायचे नाही, असे आपण आपापसांत ठरवावे. मुलांसाठीचा मदतीचा क्रमांक १०९८ आणि मनाच्या त्रासासाठीचा १४४१६ हे दोन्ही आपल्या फळ्यावर कायम लिहून ठेवावेत. तिसरी सर्वांत अवघड आहे आणि तिला पैसा लागत नाही. जेवणाच्या पानावर बसून शेजाऱ्याच्या जातीधर्माबद्दल वेडेवाकडे बोलायचे नाही. मी ती पाळते आहे. महिन्यात दोनदा चुकले, पण मुलानेच आठवण दिली.

जून महिन्यात शाळा सुरू व्हायच्या आधी मी त्याला पुन्हा म्हटले, "चाचांकडून ब्लाउज आणतोस का?" काही न बोलता तो गेला. पंधरा मिनिटे झाली तरी येईना, तेव्हा माझ्या जिवाची घालमेल झाली. खाली उतरून पाहते तो चाचांनी त्याला फळीसमोर उभे केले होते आणि गळ्यातली टेप काढून ते त्याच्या शाळेच्या पँटचे माप घेत होते. मला पाहून म्हणाले, "ताई, दोन इंच वाढला हो पोरगा. खाली दुमड जास्त ठेवतो, पुढच्या वर्षी सोडता येईल."